शिफारसपत्राचा सौदा

त्या वर्षाची एक गोष्ट माझ्या नावावर सांगितली जाते. मासळी विकणाऱ्या घरातली एक बुजरी मुलगी आली, तिला बोलायला शिकवलं, धीर दिला, घडवलं, आणि ती पुढे डॉक्टरेट करून शास्त्रज्ञ झाली. ज्या संस्थेने ते पीएच.डी.च्या तयारीचं वर्ष चालवलं, तिच्या माहितीपुस्तकात ही गोष्ट माझ्या फोटोसकट छापलेली असते. फोटोत माझ्या डोक्यावर मासळीची पाटी आहे. तो फोटो काढायला त्यांनी मला मुद्दाम जेट्टीवर नेलं होतं, आणि पाटी रिकामी होती. मी बुजरी कधीच नव्हते. बोलायला मी बाजारात शिकले, तेही त्यांची इमारत बांधून व्हायच्या आधी. त्या वर्षात मी काय घेतलं आणि काय दिलं ते आता मीच लिहिते. बाकी सगळे आपापल्या सोयीने लिहून मोकळे झाले आहेत.

आमचं घर काशीद सोडून मुरुडकडे जाताना लागतं. दारासमोर बोंबील वाळवायच्या वलांड्या, म्हणजे बांबूंवर ताणलेल्या दोऱ्या, आणि त्यांच्या पलीकडे लगेच वाळू. वारा फिरला की वाळत्या बोंबलांची एकमेकांवर आपटून होणारी खडखड घरात ऐकू येई, आणि आई स्वयंपाक सोडून ती ऐकत थांबे. आवाजावरून तिला कळायचं की माल उतरवायला झाला की अजून एक ऊन लागेल. बा तांडेल होता, बोटीचा म्होरक्या. इंजिनाशेजारी आयुष्य गेल्यामुळे तो घरातही बोटीवरच्यासारखा ओरडून बोले, आणि त्याला ऐकू जावं म्हणून आम्हीही ओरडून बोलायचो. बाहेरून येणाऱ्याला वाटे भांडण चाललंय. चाललेलं असायचं ते एवढंच, की कालवणात आज चिंच घालायची की कोकम. सकाळी तांदळाची भाकरी आणि जवळ्याची चटणी, दुपारी माशाचं आंबट कालवण, आणि ज्या दिवशी बोट उशिरा लागे त्या दिवशी नुसती पेज आणि भाजलेलं सुकट. सुकट तव्यावर पडलं की पहिल्या क्षणाला जो वास उठतो तो मला आजही कुठल्याही देशात ओळखता येतो. परदेशातल्या एका वसतिगृहात मी ते भाजलं होतं तेव्हा आगीचा बंब आला होता. ते असो.

दहावीपासून मी आईबरोबर लिलावाला जायला लागले. बा ज्या बोटीवर होता तिचा माल एका बांधलेल्या व्यापाऱ्याला जाई, म्हणून आई स्वतःच्या पाटीसाठी दुसऱ्या बोटींवरून घेई. उजाडताना जेट्टीवर बर्फ फोडण्याचा आवाज सुरू होई आणि त्या आवाजात बायका टोपल्यांभोवती गोळा होत. घेणारीने कसं वागायचं हे मला कोणी शिकवलं नाही, मी बघितलं. जी टोपली हवी तिच्याकडे सरळ जायचं नाही. शेजारच्या टोपलीपाशी वेळ काढायचा. मग जाता जाता, जणू वाटेत आली म्हणून, हव्या त्या पापलेटचा कल्ला बोटाने उचलायचा आणि तोंड वाकडं करायचं. डोळा बसलाय म्हणायचं. बर्फात दोन दिवस काढलेत म्हणायचं. विकणारा चिडला की समजायचं, जमतंय. आणि शेवटी पाठ फिरवून चालायला लागायचं. चार पावलं, पाच पावलं, सहाव्याला मागून हाक येतेच. आई चवथ्याला हाक मिळवायची. मी अकरावीत असताना पाचव्यापर्यंत पोचले होते. मग मी कॉलेजची एस.टी. पकडायची आणि आई पाटी घेऊन विकायला बसायची. म्हणजे घ्यायला मी रोज असायची, विकायला कधीच नाही. मला धंदा अर्धाच येत होता, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

बी.एस्सी. झाल्यावर आमच्या सरांनी या वर्षाबद्दल सांगितलं. ज्यांच्या घरात आधी कोणी कॉलेजात गेलेलं नाही अशा पदवीधरांना एक वर्ष प्रयोगशाळेत काम द्यायचं, संशोधनाचे लेख वाचायला शिकवायचे, मुलाखतीची तयारी करून घ्यायची आणि पीएच.डी.च्या प्रवेशापर्यंत पोचवायचं. विषय वैद्यकीय संशोधनाचा. मुंबईच्या एका संस्थेची शाखा नागावजवळ नारळाच्या वाडीत होती, तिथे आम्ही बाराजण. आईला समजावून सांगायला मला पूर्ण एक दुपार लागली.

"डॉक्टर व्हशील, पन दवाखाना नाय?" ती बोंबील उलटे करत म्हणाली.

"नाय."

"सुई टोचनार नाय?"

"नाय, आय. संशोधन. ताप का येतो ते शोधायचं."

"मंग लोकांना कसं कलनार तू डॉक्टर हास ते?"

शेवटी तिने एवढंच सांगितलं, "जा. पन कोनी उगाच ओरडला त ऐकून घेव नको." ही आज्ञा मी पुढे फार मनापासून पाळली.

शैलजा मॅडम त्या वर्षाच्या प्रमुख होत्या. हळू बोलणाऱ्या, काटेकोर, कामाला वाघ. त्यांचं संशोधन लेप्टोवर होतं. भातखाचरात गुडघाभर पाण्यात उभ्या राहणाऱ्या माणसांना पावसाळ्यात जो ताप येतो आणि मूत्रपिंडं घेऊन जातो, तो. आतल्या गावांमधून शेतकऱ्यांचं रक्त गोळा करायचं, त्यातलं पाणी, म्हणजे सीरम, वेगळं करायचं, बोटाच्या पेराएवढ्या नळ्यांत भरून उणे ऐंशीच्या फ्रीजरमध्ये ठेवायचं आणि मग तपासायचं. मला हे काम पहिल्या दिवसापासून आवडलं. माझ्या हाताला सवय होती. ओल्या, घसरत्या, थंडगार वस्तू भराभर आणि न सांडता हलवणं यात मला कोणी काही शिकवायचं राहिलं नव्हतं. बाकीचे बिचकत होते तेव्हा माझे दोन खोके भरून झालेले असत.

पहिल्या महिन्यात जेवणाच्या फ्रिजवर एक चिठ्ठी लागली: मासळीचे डबे येथे ठेवू नयेत. मासळीचे डबे दोनच होते, माझा आणि मुरुडच्या रुक्सानाचा. शेजारच्या खोलीत उंदरांची मूत्रपिंडं ठेवलेली होती, त्यांच्या वासाबद्दल कोणाची तक्रार नव्हती. मी ती चिठ्ठी काढली, उंदरांच्या फ्रीजरला चिकटवली आणि मॅडमना बोलावून दाखवली. चिठ्ठी परत लागली नाही. पण माझ्या नावापुढे कुठेतरी फुली पडली असणार, कारण त्यानंतर माझ्याबद्दल बोलताना लोक 'स्वभाव' हा शब्द वापरायला लागले.

दर शुक्रवारी लुटुपुटीची मुलाखत असे. टेबलामागे मॅडम आणि मुंबईहून आलेले दोन सर, समोर आम्ही एकेक. माझी पहिली वेळ आली तेव्हा मॅडमनी विचारलं, "आमच्या प्रयोगशाळेत तुला काम करावंसं का वाटतं?"

मला ते काम इतकं हवं होतं की आदल्या दिवशी मी त्यांचे सगळे लेख वाचून काढले होते. आणि हवं होतं म्हणूनच मी खिडकीकडे बघून म्हणाले, "तुमच्या मागच्या लेखात नमुने कमी आहेत. पावसाळा संपल्यावरचे घेतलेलेच नाहीत. तक्ता दुसरा नीट जमलेला नाही. बाकी ठीक आहे."

"ठीक आहे?" एक सर म्हणाले.

"चालेल," मी म्हणाले.

दाराबाहेर रुक्साना तोंडावर ओढणी धरून हसत होती. माझ्या कागदावर शेरा आला: उत्सुकता नाही, वृत्ती उद्धट. मॅडमनी मला थांबवून घेतलं. "जयश्री, तुला संशोधनात जायचंय ना?"

"हो."

"मग ते चेहऱ्यावर का दिसत नाही?"

"चेहऱ्यावर दिसलं की भाव वाढतो, मॅडम."

त्या हसल्या नाहीत. त्यांनी मला आरशासमोर उभं राहून सराव करायला सांगितलं. रुक्साना सराव घ्यायची. ती मुलाखतीत छान असायची, खरंच छान, तिचे डोळे आपोआप चमकायचे. माझं बघून ती म्हणायची, "अगो, हसतेस की दात दाखवतेस? बांगडा पण बर्फावर याच्यापेक्षा बरा हसतो." तीन शुक्रवार मी बांगड्यासारखी हसले, मग सोडून दिलं.

आता फ्रीजरचं. हे नीट सांगायला हवं, कारण माहितीपुस्तकात हे नाही. दिवाळीच्या सुट्टीत आमच्या भागात वीज गेली होती. परत आलो तेव्हा वीज होती, फ्रीजर उणे ऐंशी दाखवत होता, सगळं जागच्या जागी होतं. दोन आठवड्यांनी मी खालच्या कप्प्यातले दोन खोके तपासणीसाठी काढले आणि उघडताक्षणी माझा हात थांबला. पुठ्ठा फुगून परत कडक झाला होता. तळाला भुसभुशीत बर्फ नव्हता, एकसंध काच झाली होती. नळ्यांत वर फिकट पाणी गोठलेलं आणि खाली गडद पिवळं साचून गोठलेलं. ज्या टोपलीतला बर्फ एकदा वितळला आणि व्यापाऱ्याने गुपचूप परत बर्फ घातला, तिच्या तळाचं रक्तपाणी नेमकं असंच एका बाजूला जमून गोठतं. तो मासा आई हातात घेत नसे. मला कल्ला उचलायचीही गरज वाटली नाही.

मी मॅडमना सांगितलं, हे वितळून परत गोठलेत. त्यांनी फ्रीजरवरचा आकडा दाखवला. मी खोका दाखवला. त्या म्हणाल्या, नमुने बाहेर राहिले असतील थोडा वेळ, काम सुरू कर. मी म्हणाले, हा माल तपासून जे उत्तर येईल ते खोटं असेल. आवाज माझा मोठा होता, माझ्या घरात तो साधाच धरला असता. मॅडम म्हणाल्या, वाया घालवायला किट नाहीत, आणि ओरडायला ही जेट्टी नाही.

मग मी मॅडमची आज्ञा मोडली. त्या खोक्यांतल्या काही माणसांच्या रक्ताच्या जुळ्या नळ्या दुसऱ्या इमारतीतल्या फ्रीजरमध्ये होत्या, तिथे जनित्र होतं. मुदत संपत आलेल्या किटच्या उरलेल्या पट्ट्या मी गोळा केल्या, बारा माणसांच्या जोड्या लावल्या आणि शेजारी शेजारी तपासल्या. एकाच माणसाचं रक्त, एका नळीत ताप झाल्याची खूण ठळक, दुसरीत जवळजवळ गेलेली. मी ते माझ्या वहीच्या तिसऱ्या पानावर लिहिलं, तारीख घातली, सही केली आणि वही मॅडमच्या टेबलावर उघडी ठेवली. दुसऱ्या दिवशी दोन्ही खोके बाद झाले, आणि आम्ही परत गावांमध्ये रक्त घ्यायला गेलो.

रोह्याकडच्या एका गावात खळ्यावर बसलेल्या म्हाताऱ्या आबांनी बाही वर करता करता विचारलं, "परत रगत? पयलं सांडलंस का काय?"

आमच्याबरोबरचा तंत्रज्ञ घाईने म्हणाला, "नाही आबा, आणखी एक तपासणी आहे."

"व्हय, आबा," मी म्हणाले. "वीज गेली, बिघडलं. चूक आमची."

आबांनी माझ्याकडे बघितलं आणि दुसरा हात पुढे केला. "मग घे. खरं बोललीस म्हनून. ह्यो म्हनला असता त दिलं नसतं."

या रक्ततपासणीवरचा मॅडमचा लेख पुढे छापून आला. लेखकांत माझं नाव नाही. शेवटी आभारांत, वाहनचालकांच्या वर, आहे. इतकी वर्षं झाली, माझे स्वतःचे किती लेख आले, पण तो अंक मी अजून जवळ ठेवलाय, आणि राग आला पाहिजे असं वाटलं की काढून बघते.

वर्ष संपत आलं तशी प्रवेशाची धावपळ सुरू झाली. पीएच.डी.च्या मुलाखतीला जायचं तर शिफारसपत्र लागतं, आणि आम्हा बाराजणांना मॅडमचं पत्र म्हणजेच सगळं होतं. आमच्या घरांतून दुसरं कोण पत्र देणार होतं. मॅडमनी पत्रं टाईप करून घेतली आणि नाव-पत्ता तपासायला एकेकाला आत बोलावलं. इतरांनी नाव-पत्ता तपासला. मी सगळं पत्र वाचलं. गरीब कोळी कुटुंबातील, अत्यंत मेहनती, नम्र, आज्ञाधारक, संधी दिल्यास तिचं सोनं करील. पान भरलं होतं, आणि फ्रीजरचा शब्द नव्हता.

"मॅडम, यात माझं काम कुठे आहे?"

"मेहनती लिहिलंय ना."

"मेहनती तर आमची बर्फ फोडायची मशीनही आहे."

"जयश्री, शिफारसपत्रावर कोणी घासाघीस करत नाही. हा बाजार नाही."

"बाजारात निदान माल दाखवतात," मी म्हणाले. "असलं पत्र मला नको."

आणि मी पाठ फिरवून चालायला लागले. चार पावलांत मी दारात होते. पाचव्याला जिन्यावर. सहाव्याला हाक आली नाही. मी जिना उतरले, अंगण ओलांडलं, नारळीच्या वाडीतून रस्त्यापर्यंत गेले. हाक आली नाही. एस.टी.त बसल्यावर मला कळलं की मी काय करून बसलेय. मुंबईच्या मुलाखतीची कागदपत्रं पाठवायला तीन दिवस राहिले होते. पत्र नाही म्हणजे मुलाखत नाही, आणि मुलाखत नाही म्हणजे सगळं वर्ष वाळूत गेलं.

घरी आई सुकट निवडत होती. मी सगळं ओरडून सांगितलं. बाने आतून विचारलं, "कोनाशी भांडली?" आणि उत्तराची वाट न बघता म्हणाला, "बरोबर केलंस." आई मात्र हात थांबवून ऐकत राहिली.

"तू उठून आलीस?"

"हो."

"कनाला?"

"हाक मारतील म्हणून."

आईने सुपातलं सुकट एकदा पाखडलं. "मास्तरीन कोन होती, घेनारी का विकनारी?"

मला प्रश्नच कळला नाही.

"माल कोनाचा?"

"माझा."

"मंग तू विकनारी. विकनारी उठून जाते काय कवा? गिऱ्हाईक जातं उठून. विकनारी बसते. पानी मारत बसते, माशी हाकवत बसते, आनि दर येनाऱ्याला तोच मासा परत परत दाखवते. येवढी वर्सं माज्याबरोबर आलीस आनि हे नाय बगलंस?"

नव्हतं बघितलं. त्या वेळी मी एस.टी.त असायची.

दुसऱ्या दिवशी मी मॅडमच्या दारापाशी बाकावर जाऊन बसले. मांडीवर वही, तिसरं पान उघडं. मॅडम आल्या, बघितलं, आत गेल्या. चहावाला येऊन गेला. रुक्साना तिचं पत्र घेऊन बाहेर आली, मला म्हणाली, "तू वेडी हायस, खरंच," आणि तिच्या डब्यातली अर्धी घावनं माझ्या हातात देऊन गेली. मॅडम जेवायला बाहेर पडल्या, मी उभी राहिले नाही, वही तेवढी त्यांच्याकडे वळवली. परत आल्या तेव्हाही ती तशीच होती. तीन वाजता त्यांनी आतून बोलावलं.

"तू काय लिहायला सांगतेस ते तुला कळतंय का? माझ्या विभागातला फ्रीजर बंद पडला आणि दोन आठवडे मला कळलं नाही, हे मी माझ्या सहीने लिहायचं. वाचणारे लोक माझ्या ओळखीचे आहेत."

"म्हणून तर त्यांचा विश्वास बसेल."

त्यांचं काय पणाला लागलंय ते मला पहिल्यांदा दिसलं, आणि हे मी आज सरळ सांगते, मला दया आली नाही. त्यांचं नाव झालेलं होतं. माझं व्हायचं होतं.

"एक वाक्य घालते," त्या म्हणाल्या.

"तीन. आधी तिने ओळखलं. मग जोड्या लावून सिद्ध केलं. त्यावरून आम्ही नमुने बाद केले."

"'मी नको म्हणत असताना' हे घालणार नाही."

"घाला. नाहीतर वाटेल तुम्ही सांगितलं म्हणून केलं."

मग त्यांनी पेन उघडलं. "मेहनती काढणार नाही. ते खरं आहे."

"राहू दे. नम्र काढा."

"आणि आज्ञाधारक?"

"ते तुम्हालाच माहीत."

त्या वर्षात मॅडम माझ्यासमोर पहिल्यांदा हसल्या. लगेच आवरलंही. "गरीब कुटुंबातील?"

"बाचा बोटीत भाग आहे. गरीब कोणी सांगितलं तुम्हाला?"

"अगं, या वर्षाचा हेतूच तो आहे. ज्यांना कधी जागा मिळाली नाही त्यांना मिळावी."

"मग तेवढं लिहा. घरात पहिल्यांदा कॉलेजात गेलेली. ते खरं आहे. गरीब लिहिलं की वाचणारा आधी कीव करतो आणि मग पुढचं वाचत नाही."

पत्र नव्याने टाईप झालं. सही करताना मॅडम म्हणाल्या, "या पत्रावर तुझी निवड होणार नाही."

झाली नाही. मांडव्याहून लाँच धरून मी मुंबईला गेले, पाचजणांसमोर बसले, आणि मधल्या सरांनी पत्रावर बोट ठेवून विचारलं, "प्रमुख नको म्हणत असताना तुम्ही हा प्रयोग केलात. हे योग्य वागणं वाटतं तुम्हाला?"

"नमुने बिघडले होते."

"आम्ही वागण्याबद्दल विचारतोय."

"मीही त्याचंच उत्तर दिलं."

रुक्सानाची निवड झाली, आणि व्हायलाच हवी होती, आमच्यातलं सगळ्यात चांगलं डोकं तिचं होतं. पण तिने मला नंतर सांगितलं, "माझ्या पत्रात जी नम्र पोरगी आहे ना, ती मला कधी भेटलेली नाय." मॅडमनी मला बोलावून घेतलं आणि जुनं पत्र परत देऊ केलं. दुसऱ्या दोन ठिकाणी मुदत होती अजून. त्यांचा हेतू चांगला होता, एवढं मी मानते. मी म्हटलं, नको, हेच राहू दे. त्या म्हणाल्या, "हट्टाने तुझं वर्ष जाईल." मी म्हटलं, जाऊ दे. आज, इतक्या वर्षांनी, माझ्याकडे पीएच.डी.च्या तयारीसाठी अशी मुलं-मुली येतात, रायगडातून, पालघरातून, आणि मी त्यांची पत्रं लिहिते. लिहिल्यावर त्यांना पूर्ण वाचायला देते आणि न भांडता परत दिलं तर मला थोडी काळजी वाटते. पण मी जे केलं ते त्यांनी करावं असं मी सांगत नाही. वर्ष खरंच गेलं. आईच्या शेजारी पाटी मांडून मी ते काढलं, आणि अलिबागच्या बाजारात मला पदवी बघून कोणी सुरमई घेतली नाही.

पुढच्या वर्षी मी पुण्याच्या एका संस्थेत मुलाखतीला गेले. तेच पत्र, एक अक्षर न बदलता. बाहेर ओळीने बसलेल्यांना आत दहा-दहा मिनिटं लागत होती. मला आत घेतल्यावर टेबलाच्या टोकाला बसलेल्या एक बाई पत्र वाचून म्हणाल्या, "हे फ्रीजरचं सांगा." मी पिशवीतून वही काढली आणि तिसरं पान त्यांच्यासमोर ठेवलं. नळी कशी दिसत होती, जोड्या कशा निवडल्या, बाराच का, दुसऱ्या फ्रीजरचीही वीज गेली नव्हती कशावरून. शेवटचा प्रश्न मला आधी कोणी विचारला नव्हता, आणि त्याचं उत्तर माझ्याकडे अर्धंच होतं. मी तसं सांगितलं. त्यावर त्या इतर तिघांशी वाद घालायला लागल्या, तिघे आपापसात घालायला लागले, कोणीतरी माझी वही आपल्याकडे ओढली, आणि खोलीत आवाज इतका चढला की बाहेरच्या शिपायाने दार किलकिलं करून बघितलं. मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. मीही चढवला.

पाऊण तासाने कोणाला तरी घड्याळ दिसलं. अध्यक्षांनी कागद गोळा केले, पत्रावरून शेवटची नजर फिरवली. "इथे तुम्ही अत्यंत मेहनती आहात असंही लिहिलंय."

"ते मॅडमचं मत आहे," मी म्हणाले, आणि वही मागून घेतली.